कथाभ्यास : प्रस्तावना

कथा लिहायला शिकवता येते काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा उत्तर ठरवूनच विचारला जातो. प्रतिभा ही उपजत देणगी असून ती ज्याच्यापाशी आहे त्याला शिक्षणाची गरज नाही, आणि ज्याच्यापाशी नाही त्याला शिक्षणाचा उपयोग नाही, असा दुहेरी निर्णय देऊन हा प्रश्न निकालात काढण्याची वहिवाट मराठी वाङ्मयव्यवहारात इतकी रुळली आहे की तिच्याविरुद्ध दाद मागावी असे सहसा कोणाला वाटत नाही. गवयाने तानपुऱ्यापाशी वर्षानुवर्षे बसावे, पैलवानाने तालमीत घाम गाळावा, कीर्तनकाराने पूर्वरंग-उत्तररंगाचा पाठ गुरूसमोर घोटावा, हे आपल्याला स्वाभाविक वाटते. कथाकाराने मात्र एके दिवशी एकांतात बसावे आणि पहिल्याच बैठकीत निर्दोष कथा घेऊन उठावे, अशी आपली अपेक्षा असते. या अपेक्षेचा परिणाम कोणत्याही चोखंदळ संपादकाला ठाऊक आहे. एखादा तरुण किंवा तरुणी आपल्या आयुष्यातील एखाद्या तीव्र अनुभवातून एक विलक्षण कथा लिहून जाते, तिचे कौतुक होते, आणि त्यानंतर एक तर तीच कथा निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत राहते, नाहीतर लेखणी कायमची थांबते. पहिली कथा अनुभवाच्या संचितावर उभी राहते. दुसरीला मात्र कसब लागते, आणि ते कसब कोठून आणावे हे त्या लेखकाला कोणी सांगितलेले नसते.

प्रस्तुत ग्रंथ हा त्या रूढ निर्णयावरचा फेरविचाराचा अर्ज आहे. अभ्यासाने प्रतिभा निर्माण होते असा दावा तो करीत नाही. अभ्यासाने लेखकाच्या ठायी एक दुसरी शक्ती वाढीस लागते, आपण लिहिलेले दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचण्याची शक्ती, आणि ती नसेल तर पहिली शक्ती लवकरच आंधळी होते, एवढेच त्याचे प्रतिपादन आहे. कार्यशाळा, सराव, पुनर्लेखन, सामूहिक वाचन ही सारी या एकाच शक्तीच्या मशागतीची साधने होत. ही गोष्ट नीट ध्यानात आली, तर कार्यशाळेकडून भलत्या अपेक्षाही राहणार नाहीत आणि तिच्याविषयी निष्कारण आकसही उरणार नाही.

हा विचार परदेशातून आलेला आहे असे समजणाऱ्यांनी आपल्या साहित्यशास्त्राचे दप्तर पुन्हा एकदा उघडून पाहावे. दंडीने काव्याच्या कारणांत नैसर्गिक प्रतिभेच्या जोडीला निर्मळ व विपुल श्रवण आणि अथक उद्योग यांना स्थान दिले. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि जाणत्यांच्या शिकवणुकीनुसार केलेला अभ्यास ही तीन निरनिराळी कारणे न मानता तिघांचे मिळून एकच कारण मानले. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याच्याही पुढे गेला. त्याचा 'कविकंठाभरण' हा छोटेखानी ग्रंथ म्हणजे होतकरू कवींसाठी लिहिलेली सरावाची पोथीच आहे. शिष्यांची अल्पप्रयत्नसाध्य, कृच्छ्रसाध्य आणि असाध्य अशी प्रतवारी करून तो त्यांना नेमके अभ्यास सांगतो: अर्थाची चिंता न करता केवळ वृत्त अंगवळणी पडावे म्हणून निरर्थक शब्दांनी श्लोक रचावेत, जुन्या श्लोकातील पदे बदलून पाहावीत, अपुरे चरण पूर्ण करावेत, लोकव्यवहार निरखावा, नाट्यप्रयोग पाहावेत. हे सांगताना आपण प्रतिभेचा अपमान करीत आहोत असे त्याला कोठेही वाटलेले दिसत नाही.

परंतु या परंपरेतील सर्वांत मार्मिक विचार राजशेखराचा आहे. ज्याच्या घराण्यातील अकालजलद या पूर्वजाला महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून गौरविले गेले, त्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कवीची दिनचर्या प्रहराप्रहराने आखून दिली आहे. सकाळी अध्ययन, मग रचना, भोजनोत्तर काव्यगोष्ठी, आणि दिवसाच्या चौथ्या प्रहरात, एकट्याने किंवा मोजक्या माणसांच्या परिषदेत, सकाळी रचलेल्या काव्याची परीक्षा. या परीक्षेचे कारणही तो देतो: रसाच्या आवेशात रचना करणाऱ्याची विवेचक दृष्टी त्या वेळी जागी नसते, म्हणून मागाहून तपासणी करावी, अधिक झाले असेल ते काढावे, उणे असेल ते भरावे, जागा चुकली असेल ती बदलावी आणि विसरले असेल ते आठवावे. लेखन आणि परीक्षण ही दोन निरनिराळ्या वेळची आणि निरनिराळ्या मनोवृत्तींची कामे आहेत, आणि परीक्षणाला मंडळी मोजकीच असावीत, हे दोन नियम हजारेक वर्षांपूर्वी ज्याने सांगितले त्याला कार्यशाळा या संस्थेचा आद्य प्रवर्तक म्हणायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. कारयित्री प्रतिभा कवीची आणि भावयित्री प्रतिभा रसिकाची, असा भेदही त्यानेच केला. पुढील सर्व विवेचनाचा पाया हा भेद आहे.

हा सारा विचार पद्यापुरता आणि बव्हंशी राजदरबाराच्या परिघातला होता, हे मान्य केले पाहिजे. मराठी गद्याने आपली शिस्त निराळ्या वाटेने मिळविली. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या, तेव्हा त्याने ज्यांनी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना गाठून आठवणी मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्यांची खातरजमा करून घेतली. प्रसंग थोडक्यात सांगावा, बोलणाऱ्याचे बोलणे त्याच्याच तोंडी ठेवावे, निवेदकाने मध्ये फारसे येऊ नये, हे 'लीळाचरित्रा'तील गुण एका माणसाच्या प्रतिभेइतकेच या सामूहिक तपासणीचेही फळ आहे. सांगणारे अनेक, लिहिणारा एक आणि पारखणारा तिसरा, ही व्यवस्था आपल्या गद्याच्या जन्मापासून आपल्यापाशी आहे.

अर्वाचीन मराठी कथेचे शिक्षण प्रथम नियतकालिकांनी केले. १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' सुरू केले आणि दर आठवड्याला वाचकांच्या हाती काहीतरी देण्याची सक्ती स्वतःवर लादून घेतली. त्यांच्या स्फुट गोष्टी आणि क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्या या सक्तीतून निपजल्या. १८९५ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी काढलेल्या 'मासिक मनोरंजना'ने गोष्टीला घरोघरी पोचविले आणि १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडून लेखकांना वार्षिक मुदत मुक्रर करून दिली. ठराविक मुदत आणि ठाऊक असलेला वाचक या दोन गोष्टी लेखकाला किती शिकवितात, हे त्या काळच्या गोष्टी ओळीने वाचल्या म्हणजे कळते. पाल्हाळ हळूहळू ओसरतो, उपदेश मागे सरतो आणि प्रसंग पुढे येतो.

मंडळाचे स्वरूप या शिक्षणाला आले ते १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळामुळे. माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी कवी एकत्र जमून आपल्या रचना वाचीत आणि त्यांची चर्चा करीत. मंडळाच्या काव्याविषयी मते पुढे कितीही बदलली असली, तरी समवयस्कांसमोर अप्रकाशित रचना ठेवून ती तपासून घेण्याचा शिरस्ता त्यांनी पाडला, हे श्रेय त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही. कथेच्या क्षेत्रात मात्र संघटित शिक्षणाचा पहिला मोठा प्रयत्न ग्रंथरूपाने झाला. १९३१ मध्ये ना. सी. फडक्यांचे 'प्रतिभासाधन' प्रसिद्ध झाले. कथानकाची गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, उकल, प्रारंभ आणि शेवट यांची पद्धतशीर चर्चा करणाऱ्या या पुस्तकाने होतकरू लेखकांच्या एका संबंध पिढीला कथा ही रचना आहे, ती बांधावी लागते, याचे भान दिले. फडके-खांडेकर वादात कला कलेसाठी की जीवनासाठी, या प्रश्नाचा घोष फार झाला. पण कथेला तंत्र असते आणि ते शिकता येते, हे त्या वादापलीकडे मराठी लेखकांच्या मनात रुजून बसले.

तंत्राच्या या शिक्षणात एक धोका होता, आणि तो लवकरच प्रत्ययास आला. आराखडा हाती आला की जीवन त्या आराखड्यात बसविण्याचा मोह होतो. पात्रे कथानकाच्या सोयीने वागू लागतात आणि शेवटचा धक्का हेच कथेचे प्रयोजन होऊन बसते. १९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी जी नवकथा लिहिली, तिने हा आराखडा मोडून काढला. मनाच्या सूक्ष्म हालचाली, तुटक प्रतिमा, कथानकाविना उभे राहणारे वातावरण आणि माणदेशासारख्या प्रदेशातील माणसांचे बोलणे यांनी कथेची व्याख्याच रुंदावली. नवकथाकारांनी तंत्र नाकारले असे सरसकट म्हटले जाते. वस्तुतः त्यांनी तंत्राचा विचार अधिक खोलवर नेला. 'माणदेशी माणसं'मधील एकेक व्यक्तिचित्र वाक्यांच्या किती काटेकोर निवडीवर उभे आहे, हे ज्याने एकदा त्यातील एखादा परिच्छेद स्वतःच्या हाताने उतरवून पाहिला आहे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

या कथेचे खरे विद्यालय होते 'सत्यकथा' मासिक. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली आलेली कथा केवळ स्वीकारली किंवा नाकारली जात नसे. ती बारकाईने वाचली जाई, तिच्याविषयी लेखकाला सविस्तर पत्र जाई, अमुक ठिकाणी निवेदन सैल पडते, तमुक पात्राचे वागणे पटत नाही, असे विचारले जाई आणि लेखक पुन्हा लिहायला बसे. खेड्यापाड्यांतून टपालाने कथा पाठविणाऱ्या अनोळखी लेखकालाही हे भाग्य लाभत असे. राजशेखराच्या चौथ्या प्रहराचे काम येथे संपादकाच्या टेबलावर होत होते. त्या टेबलाची रुचीही मर्यादित होती, हे इतिहासाने दाखवून दिले आहे. अनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी १९६९ मध्ये 'सत्यकथे'ची होळी केली, तेव्हा एका रुचीची सत्ता त्यांना जाचक झाली होती. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहातील दाहक अनुभव, भाऊ पाध्यांची मुंबईची बोली, उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधील वऱ्हाड यांनी मराठी कथात्म साहित्याला जे दिले, ते एका मेजावरून तपासून देता येण्यासारखे नव्हते. औरंगाबादहून गंगाधर पानतावण्यांनी चालविलेल्या 'अस्मितादर्शा'ने नियतकालिकाला लेखक-वाचक मेळाव्यांची जोड दिली आणि ज्यांच्या घरात पुस्तक नव्हते अशा तरुणांना आपले लेखन आपल्या माणसांसमोर वाचण्याचे पहिले व्यासपीठ मिळाले. दुसऱ्या अंगाने शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाने कथेला श्रोत्यांच्या परीक्षेला बसविले. कोठे हशा येतो, कोठे सभागृह स्तब्ध होते आणि कोठे लोक चुळबुळ करतात, यासारखे रोकडे परीक्षण दुसरे नाही.

पश्चिमेकडे हेच काम विद्यापीठांनी हाती घेतले. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्ये पदवीसाठी प्रबंधाऐवजी ललित लेखन स्वीकारण्याचे ठरविले आणि १९३६ मध्ये तेथे लेखकांची कार्यशाळा रीतसर सुरू झाली. पॉल एंगल यांच्या दीर्घ कारकिर्दीत तिला कीर्ती मिळाली. फ्लॅनरी ओ'कॉनर ही तेथीलच विद्यार्थिनी. १९६७ मध्ये तेथे आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम निघाला आणि त्यात पुढे आपले दिलीप चित्रेही जाऊन आले. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० साली माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी असाच अभ्यासक्रम आरंभिला. आयोवाची पद्धत आता जगभर परिचित झाली आहे: कथेच्या प्रती आधी वाटायच्या, सर्वांनी त्या वाचून यायचे, आणि चर्चा चालू असताना लेखकाने मौन पाळायचे. कथेने स्वतःची कैफियत स्वतःच मांडली पाहिजे, लेखकाला तिची वकिली करण्याची मुभा नाही, हे त्यामागचे तत्त्व.

याहून निराळे तीन संप्रदाय ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिला मुक्तलेखनाचा: डोरोथिया ब्रँड यांनी १९३४ मध्ये आणि पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये असे सांगितले की लेखकाने रोज ठराविक वेळ, लेखणी न थांबविता, चांगल्या-वाईटाचा विचार न करता लिहावे, कारण आतला परीक्षक फार लवकर जागा झाला तर लेखक पहिल्या वाक्यापाशीच अडतो. दुसरा बंधनांचा: फ्रान्समध्ये रेमों क्नो यांनी १९४७ मध्ये बसमधील एक क्षुल्लक घटना नव्याण्णव निरनिराळ्या शैलींत सांगितली, आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या 'उलिपो' या मंडळाने कृत्रिम बंधने घालून घेऊन लिहिण्याचा प्रयोग पुढे नेला, त्यातील जॉर्ज पेरेक यांनी तर फ्रेंचमध्ये सर्वाधिक येणारे एक अक्षर वगळून संबंध कादंबरी लिहिली. आपल्याकडील समस्यापूर्ती ही याच कुळातील. तिसरा प्रश्नोत्तराचा: नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी घालून दिलेल्या पद्धतीत कलाकृतीतील अर्थपूर्ण वाटलेल्या जागा प्रथम सांगायच्या, मग कलावंताने प्रश्न विचारायचे, मग इतरांनी निःपक्षपाती प्रश्न करायचे आणि मत द्यायचे ते कलावंताची परवानगी घेऊन.

आयोवाच्या मौनाविरुद्ध अलीकडे जो आक्षेप घेतला जातो, तो आपल्यालाही मोलाचा आहे. ज्याचे जग मंडळींना परिचित आहे त्याला मौन परवडते. ज्याचे जग त्यांना अपरिचित आहे त्याच्या मौनाचा अर्थ त्याच्या जगाविषयीचे अज्ञान निर्वेध बोलत राहणे असा होतो. नंदुरबारच्या आदिवासी पाड्यावरील किंवा चंद्रपूरच्या कोळसाखाणीतील कथा पुण्यात वाचली गेली आणि प्रत्येक बोलीशब्दापाशी अर्थाची मागणी झाली, तर ती कथा सुधारण्याऐवजी भाषांतरित होऊ लागते. अशा प्रसंगी मंडळींनी आधी शिकावे आणि मग बोलावे, हा नियम या ग्रंथात कटाक्षाने पाळला आहे.

आज हा विषय निकडीचा का झाला आहे, हे वरील इतिहासातच दडलेले आहे. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झाली. दिवाळी अंक आजही शेकड्यांनी निघतात, पण लेखकाला दोन पानी पत्र लिहून कथा परत मागवील असा संपादक आता क्वचितच भेटतो. मसुदा आणि छापील पान यांमधले अंतर जवळजवळ नाहीसे झाले आहे. लिहिणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि ही निर्विवाद आनंदाची गोष्ट आहे. पूर्वी ज्यांना लेखणी धरण्याची मुभा नव्हती अशा घरांतून आज कथा येत आहेत. परंतु त्या कथांना पहिला जाणता वाचक मिळण्याची व्यवस्था मात्र मोडून पडली आहे. साहित्यसंस्था अधूनमधून एक-दोन दिवसांची शिबिरे भरवितात, त्यांत नामवंतांची व्याख्याने होतात, प्रमाणपत्रे दिली जातात, आणि शिबिरार्थी एक ओळही न लिहिता घरी जातो. त्यात भर म्हणून आता यंत्राकडून सफाईदार गद्य मागितल्याबरोबर मिळू लागले आहे. व्याकरणशुद्ध, गुळगुळीत वाक्ये सुलभ झाली असताना लेखकाजवळ उरते ती त्याची नजर, त्याचा कान आणि कोणते वाक्य खोटे आहे हे ओळखण्याची त्याची पारख. आणि या तिन्ही गोष्टी अभ्यासाने वाढणाऱ्या आहेत.

अभ्यास म्हणजे नेमके काय, हे एका नमुन्याने स्पष्ट करतो. प्रसंग असा: वडील वारले आहेत. थोरली बहीण बऱ्याच दिवसांनी माहेरी आली आहे. धाकट्या भावाला हक्कसोडपत्रावर तिची सही हवी असून दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील वेळ दुसऱ्या दिवशीची ठरली आहे. दोघांनाही हे ठाऊक आहे. लेखकाने या रात्रीचा संवाद लिहावा. अट एवढीच की जमीन, सही, कागद, हिस्सा आणि कचेरी हे पाच शब्द कोणाच्याही तोंडी येता कामा नयेत. पहिल्या मसुद्यात बहुतेकजण अट पाळूनही भाषणेच लिहितात: भाऊ त्यागाची महती सांगतो, बहीण स्त्रीजातीवरील अन्यायाचा पाढा वाचते. मंडळींसमोर वाचन झाले, कोणते वाक्य ही माणसे खरोखर बोलतील असे एकेकाला विचारले गेले, की दुसरा मसुदा साधारण असा येतो. भाऊ विचारतो, "अक्का, भावजी नाही आले?" "त्यांना रजा नव्हती." "बरं झालं. म्हणजे, उगीच दगदग झाली असती." ती काही बोलत नाही. परसदाराकडे बघत म्हणते, "विहिरीवरचं रामफळ कुणी तोडलं रे?" "वाळलं होतं." "आबांनी लावलेलं." आणि आतून वहिनीचा आवाज येतो, "अक्का, तुमच्यासाठी साडी काढून ठेवलीय हो, रंग बघून घ्या."

येथे भावाच्या तोंडून निसटलेले समाधान आणि ते सावरण्याची त्याची धडपड, झाडाच्या निमित्ताने बापाच्या मालमत्तेवर सांगितलेला तिचा हक्क आणि हिश्शाच्या बदल्यात देऊ केलेली साडी, यांतून सगळा व्यवहार वाचकासमोर उभा राहतो. अभ्यासाचा दुसरा टप्पा असा की हाच प्रसंग फेरफाराच्या नोंदीच्या भाषेत लिहावा: वारस बहिणीने आपला हक्क भावाच्या लाभात सोडला, सबब तिचे नाव कमी केले. दीड ओळीत काम आटोपते. त्या दीड ओळीतून काय काय निसटले याची यादी करणे हा त्याचा उत्तरार्ध. तिसऱ्या टप्प्यात तोच प्रसंग भावाच्या दहा वर्षांच्या मुलीच्या नजरेतून लिहायचा असतो. आत्या आली म्हणून ती आनंदात आहे, साडी आपणही पाहावी म्हणून ती वहिनीच्या, म्हणजे आपल्या आईच्या, मागे मागे हिंडते आहे. आणि आणखी काही वर्षांनी याच ओट्यावर आत्याच्या जागी आपण बसणार आहोत, हे तिला ठाऊक नाही, वाचकाला मात्र कळते. दृष्टिकोन म्हणजे केवळ 'मी' की 'तो' हा व्याकरणाचा प्रश्न नसून कोणाला किती ठाऊक आहे याची वाटणी आहे, ही गोष्ट व्याख्यानाने जितकी समजते त्याहून पुष्कळ अधिक या तिसऱ्या मसुद्याने समजते.

अशा अभ्यासाला मंडळी लागतात, आणि मंडळी कशी असावीत याविषयीही राजशेखरच आपला मार्गदर्शक आहे. त्याने रसिकांचे चार प्रकार सांगितले: ज्याला काहीच रुचत नाही तो अरोचकी, जो गवतासकट सारे गिळतो तो सतृणाभ्यवहारी, ज्याला गुण दिसतात पण मत्सरामुळे मान्य करवत नाहीत तो मत्सरी, आणि हजारांत एखादा, रचनेच्या गाभ्यात शिरणारा, तत्त्वाभिनिवेशी. प्रत्येक कार्यशाळेत हे चौघेही हजर असतात. विशेष असे की ते निरनिराळ्या माणसांत असतात तसे एकाच माणसातही असतात. सकाळी दुसऱ्याच्या कथेविषयी अरोचकी असलेला गृहस्थ दुपारी स्वतःच्या कथेविषयी सतृणाभ्यवहारी होतो. पहिल्या तिघांना हळूहळू चौथ्याच्या वाटेला लावणे हेच चर्चेच्या नियमांचे प्रयोजन आहे. म्हणून या ग्रंथात सुचविलेल्या बैठकीत प्रथम प्रत्येकाने आपण काय वाचले तेवढेच सांगायचे असते, निर्णय द्यायचा नसतो. नंतर लक्ष कोठे ढळले ते दाखवायचे असते. मग लेखकाचे प्रश्न. आणि उपाय सुचवायचे ते लेखकाने विचारले तरच. दोष दाखविणाऱ्याचे म्हणणे बहुधा बरोबर असते, पण त्याने सांगितलेला इलाज मात्र बहुधा त्याच्या स्वतःच्या कथेचा असतो.

कार्यशाळेच्या मर्यादा सांगितल्याखेरीज तिची शिफारस करणे अप्रामाणिकपणाचे होईल. दहा जणांचे समाधान करण्याच्या नादात कथेची सारी टोके झिजून ती निरुपद्रवी होते. चर्चेत बोलण्याचे चातुर्य हेच लेखनाचे चातुर्य वाटू लागते. आणि कित्येकांना मंडळाची इतकी सवय जडते की एकांतात लिहिणे त्यांना जमेनासे होते. जी. ए. कुलकर्णींसारखा लेखक धारवाडात, सभासंमेलनांपासून दूर राहून, आपल्या कथेचे विश्व उभारतो. परंतु त्यांनीही संपादकांशी आणि स्नेह्यांशी केलेला विपुल पत्रव्यवहार पाहिला म्हणजे एकांतालाही संवादी वाचक लागतो, हे पटते. कार्यशाळा हे लेखकाचे घर नव्हे. तेथे मुक्काम किती करावा हे ज्याचे त्याने ठरवावे आणि आपली परीक्षा आपल्याला एकट्याने घेता येऊ लागली की निःसंकोच उठावे.

आता या ग्रंथाविषयी. यात सिद्धांतांचा विस्तार जाणूनबुजून आटोपशीर ठेवला असून अभ्यासांना अग्रस्थान दिले आहे. हे अभ्यास ऐकणे आणि पाहणे यांपासून सुरू होऊन वाक्य, संवाद, दृष्टिकोन, काळ, प्रसंगरचना यांतून पुनर्लेखनापर्यंत जातात; प्रत्येक अभ्यास मराठी जीवनातील ओळखीच्या परिस्थितीतून घेतला आहे, कारण परक्या हवेतील उदाहरणांवर सराव केला की लेखकाच्या कानाला आपल्या भाषेची लय पारखी होते. फडक्यांच्या रचनाविचाराला येथे जागा आहे आणि नवकथेने त्या विचारावर केलेल्या टीकेलाही. आयोवाची शिस्त घेतली आहे, पण तिचे सक्तीचे मौन घेतलेले नाही. मुक्तलेखन आरंभासाठी आणि बंधने मध्यासाठी योजली आहेत. बोलीत लिहिणाऱ्याने आपले लेखन प्रमाणभाषेत आणून सुधारावे असे कोठेही सुचविलेले नाही. निर्दोष कथा लिहिण्याची कृती मात्र येथे कोणाला मिळणार नाही, आणि ती जो देऊ म्हणेल त्याच्यापासून होतकरू लेखकाने सावध राहावे.

हा ग्रंथ सलग वाचून बाजूला ठेवण्यासाठी नाही. तीन-चार सोबती मिळवावेत, आठवड्यातील एक संध्याकाळ मुक्रर करावी, एक अभ्यास घ्यावा, प्रत्येकाने तो घरी लिहावा आणि बैठकीत मोठ्याने वाचावा. सोलापूरच्या चाळीत, अमळनेरच्या वाचनालयात किंवा परदेशातील एखाद्या मराठी कुटुंबाच्या दिवाणखान्यात, कोठेही हे होऊ शकते. त्यासाठी नामवंत मार्गदर्शक, सभागृह किंवा अनुदान यांची वाट पाहण्याचे कारण नाही. सुरुवातीचे लेखन कच्चे असेल, आणि ते तसे असण्याचा लेखकाला पूर्ण अधिकार आहे. काही महिन्यांनी सोबत्याच्या कथेतील खोटे वाक्य ऐकताक्षणी कानाला खटकू लागेल. आणखी काही काळाने तसेच वाक्य आपल्या स्वतःच्या मसुद्यात, कोणी न दाखविता, आपले आपल्याला दिसेल आणि आपणच ते खोडू. त्या दिवशी या ग्रंथाचे त्या वाचकापुरते काम झाले असे समजावे, आणि त्याने तो दुसऱ्या कोणा लिहू पाहणाऱ्याच्या हाती द्यावा.